घाबरू नका, माझा पाय ब्रेकवर आहे

नाही, पण तुम्हीच सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर? नातेवाइकांवर ठेवू नये, कबूल. हवामानाच्या अंदाजावर ठेवू नये, तेही कबूल. 'निघालोच, पोचतोच' असं फोनवर म्हणणाऱ्यावर तर मुळीच ठेवू नये, कारण तो अजून आंघोळीला जायचा असतो. पण ब्रेकवर? ब्रेकवरसुद्धा ठेवायचा नाही? चांगला लोखंडाचा, वर रबर लावलेला, माझ्या बुटाखाली झिजून झिजून माझ्याच बुटाच्या आकाराचा झालेला ब्रेक... तो माझा केसाने गळा कापतो म्हणजे काय? बरं, एकट्याने नाही हो. सगळे सामील. जाऊ दे. जाऊ दे कसं, सांगतोच. बसलात ना नीट? पट्टा लावायची गरज नाही, इथे खुर्च्या आहेत, पण मला विचारायची सवय आहे.

तर तुम्हाला सांगतो, मी ड्रायव्हिंग शिकवतो. आमच्या मेहुण्याची ड्रायव्हिंग स्कूल आहे, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तो मालक आणि मी मास्तर. आता तुम्ही शिकाऊ गाडीत कधी बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल, त्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शेजारी बसतो त्या मास्तरच्या पायाखाली. बाकी मास्तरकडे काही नाही. स्टिअरिंग नाही, गिअर नाही, हॉर्नपर्यंत हात पोचत नाही. फक्त ब्रेक. म्हणजे गाडीत जे काही वाईट होऊ घातलंय ते थांबवायचा अधिकार माझा, आणि घडवायची जबाबदारी दुसऱ्याची. यापेक्षा सुखाची नोकरी तुम्ही ऐकलीय कुठे?

आणि पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो. माणूस स्टिअरिंग असं धरून बसलेला असतो, की ते कुणीतरी पळवून नेणार आहे. घाम फुटलेला. मी आपला शांतपणे म्हणतो, 'घाबरायचं नाही. माझा पाय ब्रेकवर आहे.' बस्स. खांदे खाली येतात, श्वास सुटतो, गाडी हलते. काय काय माणसं शिकवली मी या एका वाक्यावर! एक दाताचे डॉक्टर होते. ते गिअर टाकताना गिअरला म्हणायचे, 'जरा दुखेल हं.' आणि गिअर असा काही करकरायचा की खरंच दुखत असावं. एक रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका बाई. त्या चौकात समोरून येणाऱ्या ट्रकला काचेतून बोट दाखवून म्हणायच्या, 'उभा राहा तिथेच', आणि तो राहायचा हो, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि जिथे कुणी उभं राहिलं नाही, तिथे मी 'ब्रेऽऽक' म्हणून ओरडायचो, पाय दाबायचो आणि गाडी थांबायची. दर वेळी थांबायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर एका संध्याकाळी शेवटच्या विद्यार्थ्याला घरी सोडलं आणि गाडी मेहुण्याच्या आवारात लावायला निघालो. एकटाच. वाटेत आमचा नदीवरचा पूल. रोजचा पूल हो, माझ्या बापाच्या वेळेपासूनचा, कठड्यावर कुठल्या ठिकाणी रंग उडालाय तेसुद्धा मला पाठ. पुलाच्या मध्यावर आलो आणि... कसं सांगू... कुणीतरी छातीवर येऊन बसलं. श्वास आत जाईना. हाताला मुंग्या. बोटं स्टिअरिंगवर दिसतायत, पण ती माझी वाटेनात, कुणाची तरी आणून लावल्यासारखी. कानात नुसता धडधडाट. मनात एकच, संपलं, आपण आत्ता, इथे, या पुलावर जाणार. आणि बघा हं, मास्तर तो मास्तर, तशाही अवस्थेत मी विचार केला, मरायचं तर मरू, पण आधी इंडिकेटर द्यायला हवा. दिला. आरशात पाहिलं. गाडी कडेला घेतली. आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून मृत्यूची वाट बघत बसलो.

मृत्यू आला नाही, एक स्कूटरवाला आला. काचेवर टकटक. माझा चेहरा पाहिला, मग गाडीच्या टपावरची पाटी पाहिली. पाटीवर मोठ्या अक्षरात 'शिकाऊ चालक'. असा काही प्रेमाने हसला, म्हणाला, 'काका, या वयात शिकताय? कौतुक आहे हो. होतं असं सुरुवातीला. घाबरू नका, हळूहळू जमेल.' मला! ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली त्याला! मी मान डोलावली. तो जाता जाता म्हणाला, 'मास्तर चांगला बघा.'

डॉक्टरकडे गेलो. छातीला वायरी लावल्या, पट्टीवर रेघा काढल्या, रक्त घेतलं. मग डॉक्टर म्हणतात, 'हृदय एकदम घोड्यासारखं आहे.' आधी बरं वाटलं, मग राग आला. घोड्यासारखं आहे तर मग पुलावर बिथरलं कशाला? म्हणे, 'हा पॅनिक अटॅक. तुमच्या डोक्याने धोक्याची घंटा वाजवली, धोका नसताना.' म्हटलं, का? तर म्हणे, 'कारण असायलाच हवं असं नाही.' ऐकताय ना? कारण असायलाच हवं असं नाही! म्हणजे ज्या देहाला मी जन्मभर जेवू घातलं, थंडीत स्वेटर घातला, सर्दी झाली तर वाफ दिली, तो मला भर पुलावर काही कारण नसताना तोंडघशी पाडतो. परक्याने दगा दिला तर माणूस त्याच्याशी बोलणं सोडतो. स्वतःच्या छातीशी बोलणं कसं सोडायचं? डॉक्टर म्हणाले, 'श्वास हळू घ्या, लाट येते तशी जाते, पळून जाऊ नका, आणि गाडी चालवणं टाळू नका, टाळाल तितकी भीती वाढेल.' लिहिता लिहिता विचारलं, 'काम काय करता?' म्हटलं, 'ड्रायव्हिंग शिकवतो.' पेन थांबलं. मग म्हणाले, 'बरं', आणि खोकले. तो खोकला नव्हता, मला कळतं.

आणि मग सुरू झाले माझे भोग. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगमागे बसलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, की आलाच. तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवतानाच. पुढे पुढे तर नुसतं दार उघडलं तरी तळहाताला घाम. पण गंमत बघा, शेजारच्या सीटवर? काही नाही! तिथे मी राजा. दाताचे डॉक्टर गाडी थेट उसाच्या रसाच्या... नाही, रसाच्या नाही, शहाळ्यांच्या ढिगाकडे घेऊन निघाले, तरी माझी नाडी शांत. का? कारण पायाखाली ब्रेक. स्टिअरिंगमागे बसलं की शेजारची सीट रिकामी दिसायची, तिथल्या ब्रेकवर कुणाचाच पाय नाही, आणि मला हे सांगायला कुणी नाही, की बाबा, घाबरू नकोस. सगळ्या गावाला मी ते वाक्य वाटलं आणि माझ्या वाट्याला उरलं नाही.

आता हे कुणाला सांगायचं? सांगताही येईना आणि सोसवेनाही. ज्याला गाडी चालवता येत नाही तो गाडी शिकवतो, ही बातमी एकदा फुटली की संपलं. उद्यापासून कोण येईल माझ्याकडे? आणि या वयात दुसरं काय करणार मी? मला दुसरं काही येत नाही हो. खरंच येत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी आमची ही आधी बोटाला बांधायची पट्टी काढून ठेवते.

मग मी युक्ती काढली. गाडी माझ्याच दारात उभी राहायला लागली. सकाळी विद्यार्थी माझ्या घरी येणार, तो चालवणार, आणि संध्याकाळचा शेवटचा विद्यार्थी मला घरी आणणार. 'आजचा धडा, अरुंद गल्लीत गाडी लावणे.' गल्ली माझी. 'आजचा धडा, मागे ओझं असताना गाडी कशी वळवायची.' ओझं म्हणजे आमचं महिन्याचं वाणसामान. 'आजचा धडा, वाट बघणे.' म्हणजे मी दाढी करून येतो तोवर. सगळे माना डोलावायचे. एकट्या मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'सर, या अभ्यासक्रमात तुमचं घर फार वेळा येतं.' म्हटलं, 'बाई, उजळणी.' उजळणीपुढे शिक्षकाचं काही चालत नाही.

पण सुट्टीच्या दिवशी विद्यार्थी कुठून आणणार? आमची ही म्हणाली, चला, मावशीकडे जाऊन येऊ. मी म्हटलं टायर बसलाय. पुढच्या सुट्टीला म्हटलं क्लच धरतोय. त्याच्या पुढच्या सुट्टीला ती पिशवी घेऊन सरळ खाली उतरली. मी मागोमाग. गाडीजवळ गेलो, दार उघडलं, बसलो. ही स्टिअरिंगच्या बाजूला उभी, मला काचेतून बघतेय. 'अहो,' म्हणाली, 'मी चालवू का?' म्हटलं, 'तुला कुठे येतं?' 'मग तुम्ही तिकडे का बसलात?'

बघतो तर मी शेजारच्या सीटवर! पाय ब्रेकवर!

सांगितलं मग. सगळं सांगितलं, पूल, घोडा, स्कूटरवाला, वाणसामान. सांगता सांगता रडलो, त्यात लपवायचं काय. ती पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसून ऐकत होती. मला वाटलं आता म्हणेल, देवा, कसं व्हायचं आपलं. काही नाही. उतरली, पुढे आली, म्हणाली, 'सरका. मी बसते इथे. तुम्ही तिकडे बसा.' म्हटलं, 'तू बसून काय होणार?' तर तिने चप्पल काढली, पाय त्या ब्रेकवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'घाबरू नका. माझा पाय ब्रेकवर आहे.'

काय सांगू तुम्हाला... माझंच वाक्य. इतक्या वर्षांत मला कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं.

त्या दिवशी गल्लीला चक्कर मारली. छातीत आलं, पण अर्ध्यावर येऊन परत गेलं. मग रोज संध्याकाळी. कोपऱ्यापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग नदीकाठापर्यंत. ही शेजारी, पाय ब्रेकवर आणि मांडीवर मटारच्या शेंगा. हो, मटार! हिला रिकामं बसवत नाही. शेंगा सोलत सोलत वरच्या मजल्यावरच्या बाईने गॅलरीत काय वाळत घातलं आणि ते आपल्या कपड्यांवर कसं गळलं, हे अथपासून इतिपर्यंत सांगायची. मी म्हणायचो, 'अगं, मला धडधडतंय.' ती म्हणायची, 'धडधडू दे, माझा पाय आहे. तर ती मला म्हणते कशी...' आणि एक दिवस मी पूल ओलांडला. मध्यावर आलं ते, छातीवर बसलं, पण ही शेंग सोलत होती, सोललेले दाणे डब्यात टपटप पडत होते, मी त्या आवाजाकडे कान लावला, आणि पूल संपला. पलीकडे गाडी थांबवून मी हिचा हात धरला. मटारचा हात. म्हटलं, 'जगात एक तू आणि एक हा ब्रेक.' हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

कारण पुढच्याच आठवड्यात माझा घसा बसला. सर्दी झाली, आवाज पार गेला, तोंड उघडलं की नुसती हवा. पण मुख्याध्यापिका बाईंची परीक्षा जवळ आलेली, सुट्टी कशी देणार? कागदावर लिहून दाखवलं, 'आज फक्त खुणा.' बाई म्हणाल्या, 'उत्तम, वर्गात शांतता हवीच.' निघालो. बाजाराच्या वळणावर एक गाद्यांचं दुकान आहे, त्याने उन्हाला गाद्या बाहेर काढून एकावर एक रचलेल्या. बाई वळल्या. जरा जास्तच वळल्या. गाडी निघाली गाद्यांकडे. मी तोंड उघडलं, 'ब्रे...', हवा! काही हरकत नाही, म्हटलं, पाय आहे. दाबला. गाडी चाललीय. अजून दाबला. चाललीय. दोन्ही पाय ठेवून, सीटवरून उठून, उभा राहिल्यासारखा दाबला हो मी तो ब्रेक, आणि गाडी आपली शांतपणे, कुणाला काही न विचारता, गाद्यांत शिरली. भऽप्प. काचेवर गादी, टपावर गादी, आत अंधार. आणि त्या अंधारात बाईंचा आवाज, 'सर, तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून मी थांबवली नाही.'

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गादीवाला आधी ओरडला, मग बाईंना पाहिलं, त्यांच्याच शाळेतला निघाला, हात बांधून उभा राहिला. पण मला ते काही दिसत नव्हतं. माझ्या कानात एकच वाक्य. तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून मी थांबवली नाही. म्हणजे इतके दिवस गाडी थांबत होती ती कशाने?

गाडी तशीच मिस्त्रीकडे. म्हणजे स्कूलच्या गाड्या बघतो तो आमचा जुना मिस्त्री. तो खाली वाकला, बॅटरी मारली, आणि तिथूनच, वर न बघता म्हणतो, 'ही केबल होय? ही तर कधीचीच तुटलीय.' मी खरखरत म्हटलं, 'कधीचीच म्हणजे?' 'गाडी तुमच्या दारात उभी राहायला लागली ना, त्याच्याही कितीतरी आधीपासून. तुमचा ब्रेक नुसता आहे. कशाला जोडलेला नाही. पाय ठेवल्यावर ढिला लागू नये म्हणून मी खाली स्प्रिंग लावून दिली.' स्प्रिंग लावून दिली! वर अभिमानाने सांगतोय! मी म्हटलं, 'मला सांगितलं का नाहीस?' तर म्हणतो, 'मालकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, पार्ट मागवतो, येईपर्यंत कुणाला बोलू नकोस. विशेषतः भाऊजींना.'

विशेषतः भाऊजींना! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडीसुद्धा रंगवलेली निघाली. आणि तुम्हाला सांगतो, मी तिथे एका जुन्या टायरवर बसलो आणि वाट बघितली. म्हटलं, आता येणार अटॅक. आता तर हक्काचा आहे, आता कारणसुद्धा आहे. दाताच्या डॉक्टरांबरोबर शहाळ्यांच्या ढिगापुढे बसलो होतो, पायाखाली काही नव्हतं. बाईंबरोबर ट्रकसमोर होतो, काही नव्हतं. सगळा वेळ मी शेजारच्या सीटवर एका स्प्रिंगच्या भरवशावर राजा होऊन बसलो होतो. ये म्हटलं, ये. नाही आला! बघा दगाबाजी. धोका नसताना छातीवर नाचायचं आणि खरा धोका कळल्यावर घरी बसायचं.

मेहुण्याला गाठलं. तो आधी टेबलावरचे कागद नीट करत बसला. मग म्हणाला, 'भाऊजी, या जुन्या मॉडेलचा पार्ट येत नाही हो लवकर. आणि तुमच्या आवाजाने गाडी थांबतच होती की.' म्हटलं, 'अरे, माणसं मेली असती!' त्यावर मान खाली. खरंच खाली. म्हणाला, 'चुकलं. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या सीटवरसुद्धा बसला नसता. आणि ताई म्हणाली...' आणि पुन्हा कागद नीट करायला लागला.

म्हटलं, 'ताई काय म्हणाली?'

घरी आलो. ही ओट्यापाशी. मी दारातूनच, जेवढा आवाज होता तेवढ्यात विचारलं, 'तुला माहीत होतं?' तिने गॅस बारीक केला. मागे वळली नाही. म्हणाली, 'पहिल्या संध्याकाळीच कळलं. ते काळं कुत्रं आडवं आलं होतं, आठवतं? मी दाबला. काहीच झालं नाही. गाडी तुम्ही थांबवलीत.' म्हटलं, 'मग बोलली का नाहीस?' 'तुम्ही चालवत होतात ना. किती दिवसांनी चालवत होतात. मी दुसऱ्याच दिवशी भावाला झापलं, त्याने पार्ट मागवला. म्हटलं येईपर्यंत कशाला बोलायचं.' सख्खी बायको! सख्खा मेहुणा! घराचे वासे फिरले हो! मी म्हटलं, 'म्हणजे तू रोज माझ्या शेजारी बसून खोटं बोलत होतीस?' तेव्हा वळली. 'खोटं काय बोलले? माझा पाय ब्रेकवर आहे म्हणाले. होता की पाय ब्रेकवर. ब्रेक चालतो असं कधी म्हणाले मी?'

मी खुर्चीत बसलो. मग मला एकदम तो पूल आठवला. मध्यावर माझी छाती भरून आलेली, गाडी कठड्याकडे ओढतेय, आणि शेजारी ही, पायाखाली काही नाही हे माहीत असताना, शेंगा सोलतेय. मी विचारलं, 'तुला भीती नाही वाटली?'

'वाटली,' ती म्हणाली. 'म्हणून तर मटार न्यायची.'

संपायला हवं होतं ना इथे? तुम्हीही म्हणाल, झालं, गोड झालं. पण नशीब एवढं सरळ असतं तर मी तुमच्यापुढे कशाला रडत बसलो असतो? मेहुण्याला झाला पश्चात्ताप. त्याने स्कूलला नवी गाडी घेतली, तिचा ब्रेक मी रोज सकाळी आधी स्वतः दाबून बघतो, गाडी जागच्या जागी थांबते का पाहतो, मगच माणसाला आत घेतो. मुख्याध्यापिका बाई पास झाल्या, परीक्षा घेणाऱ्यालाच दोन सूचना करून आल्या. आणि ती जुनी गाडी मेहुण्याने आम्हाला देऊन टाकली. 'भाऊजी, तुमचीच आता.' देताना काय केलं असेल? पार्ट आला होता. केबल जोडून दिली!

आता ब्रेक जिवंत. आणि ही शेजारी. तुम्हाला कल्पना नाही काय होतं ते. आधी दाबून उपयोग नाही हे माहीत होतं, म्हणून ठेवलेला असायचा नुसता, निवांत. आता हिला अधिकार मिळाला. कबुतर बसलं, दाब. समोरच्याने इंडिकेटर दिला, दाब. दुकानात साड्या दिसल्या, दाब. परवा तर भर पुलावर, बरोबर मध्यावर, कागदाचा कपटा उडाला म्हणून असा दाबला, की मी स्टिअरिंगवर, मटार काचेवर, मागे हॉर्नचा कल्लोळ. म्हटलं, 'अगं पाय काढ!' तर म्हणते, 'काढला तर तुम्हाला धडधडेल.' म्हटलं, 'आत्ता धडधडतंय ते कशाने?' आणि मागून कोण यावं? स्कूटरवाला! तोच! थांबला, बघितलं, ओळखलं. म्हणाला, 'काका, अजून शिकताय?'

गेलो मिस्त्रीकडे. दुसरं काय करणार? म्हटलं, 'ती केबल काढ. नेहमीची स्प्रिंग लाव.' तो बघतच राहिला. मग मान डोलावली, जुना माणूस आहे, संसारी आहे. म्हणाला, 'मालकांना सांगू?' म्हटलं, 'सांग, आता गाडी त्यांची नाही.' म्हणाला, 'आणि वहिनींना?' आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? मीच बोललो, मीच ऐकलं. 'कुणाला बोलू नकोस. विशेषतः वहिनींना.'

काल संध्याकाळी निघालो. पूल जवळ आला. छातीत जरा हललं, अजून हलतं ते, खोटं कशाला सांगू. आणि तेच काळं कुत्रं, तेच, पुलाच्या तोंडाशी आडवं आलं. मी तिरक्या डोळ्याने पाहिलं, हिने पाय दाबला. चांगला दाबला. गाडी चाललीय. मी माझा ब्रेक दाबला, थांबलो, कुत्रं गेलं. मी समोर बघतोय. ही समोर बघतेय. म्हटलं, आता फुटणार. आता महाभारत.

तिने सावकाश मांडीवरचा डबा उघडला, एक शेंग काढली, सोलली, आणि पुलाकडे बघत म्हणाली, 'चला. घाबरू नका. माझा पाय ब्रेकवर आहे.'

म्हटलं, 'हो, माहीत आहे.' आणि गिअर टाकला.